भीमाकाठचा भोपळा आणि भीमसेनांचे गाणे

पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठाने गेलात तर एखाद्या शेतात भोपळ्याचे मोठमोठे वेल पसरलेले दिसतील. नवखा माणूस विचारतो, एवढ्या भोपळ्याची भाजी खाते कोण? पण हा भोपळा कडू. तो खाण्यासाठी नसतोच. मातीत टेकून कुजू नये, एका अंगाला चेपू नये म्हणून पोराबाळासारखा जपायचा, वेलावर पुरता पिकू द्यायचा आणि उन्हात खडखडीत वाळवायचा. मग मिरजेचे व्यापारी आणि कारागीर तो घेऊन जातात, आणि त्याचा तंबोरा नाहीतर सतार होते.

मिरजेतला हा धंदा जुना. सुमारे १८५० च्या काळात फरीदसाहेब नावाच्या कारागिराने तो सुरू केला. घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. तलवारीचे दिवस सरले तसा हाताचा कसब वाद्यांकडे वळला. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या मानात आपल्या भीमाकाठच्या रानाचाही वाटा आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पुष्कळ वर्षे हा भोपळा पिकवीत. आणि त्यांना दुसरा नाद होता पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांचा. सकाळी धारा काढताना रेडिओवर अभंग लागला की आबांचा हात थांबायचा, म्हैस मागे वळून बघायची. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी चाली लावलेले ते अभंग आमच्या घरात हरिपाठाइतकेच पाठ होते. पण ज्याच्यासाठी आपण भोपळा पिकवतो तो तंबोरा आबांनी कधी जवळून पाहिला नव्हता, आणि ज्याचा आवाज रोज घरात येतो तो माणूसही पाहिला नव्हता.

१९८३ साली त्यांचा डावा कान पूर्ण गेला. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यावर आबा एवढेच बोलले, “ऐकू येतंय तवर भीमसेनांना एकदा समोर बसून ऐकायचं. चल माझ्यासंगं.”

त्या डिसेंबरात आम्ही निघालो. ज्वारी हुरड्याच्या आतबाहेर होती. जनावरे शेजाऱ्याच्या हवाली केली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन घोंगड्या बरोबर घेतल्या. यष्टी टेंभुर्णी, इंदापूर करीत चालली. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झालेले, त्यामुळे भिगवणच्या अंगाला भीमेचे पाणी समुद्रासारखे पसरलेले दिसले. आबा म्हणाले, “आपलीच भीमा, पर हितं वळखू येत न्हाई.” स्वारगेटला उतरलो तेव्हा दिवस मावळला होता.

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनीच आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालविला. गुरू म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, ‘सवाई गंधर्व’. ते १२ सप्टेंबर १९५२ रोजी वारले. आम्ही गेलो त्या काळी हा उत्सव पेठेतल्या एका शाळेच्या पटांगणात, मांडव घालून रात्र-रात्र चाले. आबा दाराशीच थबकले. अंगात बाराबंदी, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. “हितं आपल्याला बसू देतील का रं?” तिकिटे दाखवून आत गेलो तर सगळी बैठक जमिनीवर. पुणेकरही चादरी अंथरून, शाली गुंडाळून, चहाचे थर्मास घेऊन बसलेले. एका आजीबाईंनी सरकून जागा दिली आणि विचारले, “कुठून आलात?” पंढरपूरकडून म्हटल्यावर त्यांनी आबांना हात जोडले. मग आबा घरच्यासारखे मांडी घालून बसले.

मध्यरात्रीच्या सुट्टीत बाहेर आलो, तर मिरजेचा एक कारागीर वाद्ये मांडून बसला होता. आबांनी तंबोऱ्याचा भोपळा बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, “बेगमपुराकडचा दिसतोय.” कारागीर चकित झाला. त्याने तंबोरा आबांच्या मांडीवर टेकवला. चार तारा, आणि खाली घोडीवर प्रत्येक तारेमागे सुताचा बारीक धागा. धागा जरासा सरकवला की तार नुसती वाजत नाही, गुणगुणायला लागते. त्याला जवारी म्हणतात. कारागिराने तारा छेडल्या आणि आबांचा तळवा भोपळ्यावर ठेवला. “कानाने कमी येत असेल तर हाताने ऐका,” तो म्हणाला. आबा बराच वेळ तसेच बसून राहिले. चार महिने जपलेले फळ हाताखाली घुमत होते.

भीमसेनजी गायला बसले तेव्हा पहाट व्हायला आली होती. मागे दोन तंबोरे. प्रथम कितीतरी वेळ तेच चालले होते: तारा लावणे, पुन्हा कान देणे, पुन्हा खुंटी पिळणे. मग त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला. वाचकहो, रेडिओवर हा आवाज हजारदा ऐकला होता. पण त्यामागचा माणूस कसा राबतो, हे रेडिओ सांगत नाही. एकेक तान घेताना सारे अंग पिळून निघत होते. हात हवेतून काहीतरी ओढून आणीत होता, मान खाली जाऊन वर येत होती, डिसेंबरच्या थंडीत कपाळावर घाम होता. शेजारच्या आजीबाईंनी राग तोडी असल्याचे सांगितले. आम्हाला रागातले काही कळत नव्हते, पण कष्टातले कळत होते.

आबा माझ्या कानाशी लागले, “भरल्या मोटंचा सोंदूर वढावा तसं वढतोय गडी.”

त्या ओढण्यामागे खरोखरच वर्षानुवर्षांचे राबणे होते. भीमसेनजींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, गदगजवळच्या रोणचा. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाणे शिकण्यासाठी ते घरातून पळाले. विनातिकीट रेल्वेने, डब्यात गाणी म्हणत ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असे हिंडले. जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी सांगितले, अरे, तुझ्या मुलखातच रामभाऊ आहेत, त्यांच्याकडे जा. मग कुंदगोळला गुरूच्या घरी पाणी भरण्यापासून पडेल ते काम करीत ते शिकले. बी पेरले म्हणजे लगेच कणीस येत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

सकाळी उत्सवाची सांगता रीतीप्रमाणे सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने झाली. गुरू जाऊन तीस वर्षे उलटली होती, आणि हजारो माणसे गप्प बसून त्यांचा आवाज ऐकत होती. स्वारगेटच्या वाटेवर आबा म्हणाले, “रेडिओत नुसतं पीक येतं बघ. रान आज बघितलं.”

पुढे तीनेक वर्षांत आबांचा उजवा कानही गेला. घरात अभंग लागला की आम्ही त्यांना खुणेने सांगत असू, आणि ते हाताने तान ओढून दाखवीत. जे पाहिले होते ते कानाबरोबर गेले नाही.

भीमसेनजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले आणि २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. महोत्सव आता त्यांच्याही नावाने होतो, डिसेंबरातच. २०१८ पासून तो मुकुंदनगरला भरतो. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे पूर्वीसारखी रात्रभराची बैठक राहिली नाही, पण जमिनीवर बसून ऐकण्याची सोय आहे. पुणे लांब वाटत असेल तर मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला जावे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे-बजावणे होते. रागदारी कळत नाही म्हणून कुणी मागे राहू नये.

आणि घरातले एखादे म्हातारे माणूस म्हणत असेल की अमक्याला एकदा समोर बसून ऐकायचे आहे, तर सुगीची सबब सांगू नका. पीक पुढच्या साली पुन्हा येते. गाणारा गळा आणि ऐकणारा कान दोन्ही जागेवर आहेत, तोवरच तिकीट काढावे.