खोकला कधीपासून, आणि आधी कोणाला?

डहाणू तालुक्यातील गंजाडसारख्या पाड्यापाड्यांत विखुरलेल्या गावातील मुलांच्या न्यूमोनियाचा विचार करताना मला एक उणीव खटकते. आपली बहुतेक दक्षता पाच वर्षांखालच्या मुलांपुरती आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, की धोका ओळखला जातो. या पद्धतीने जीव वाचतात, ती हवीच. पण मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया जास्त करून शाळकरी वयात होतो आणि दबकत येतो. आधी ताप, डोकेदुखी, घसादुखी. मग वाढत जाणारा कोरडा खोकला, जो ताप उतरल्यावरही काही आठवडे हटत नाही. मूल हिंडतेफिरते, म्हणून कोणी घाबरत नाही. छाती तपासताना फारसे ऐकू येत नाही, एक्स-रेत मात्र डाग दिसतात. काहींना धाप लागते, पुरळ उठते. क्वचित तोंडात फोड येतात, डोळे लाल होतात.

म्हणूनच मला वाटते, जिथे एक्स-रे हाताशी नाही तिथे खोकला सुरू झाल्याच्या तारखा विचाराव्यात. संसर्गानंतर लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे घरात किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात मुले एकामागून एक, आठवड्यांच्या अंतराने खोकू लागतात. फ्लू काही दिवसांतच अनेकांना गाठतो. मायकोप्लाझ्मा असा ओळखणे उपचारासाठीही महत्त्वाचे आहे. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, आणि अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक नेमके तिच्यावर काम करते. त्याने गुण आला नाही, तर मात्रा वाढवण्याऐवजी अझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधाचा विचार डॉक्टरांनी करायला हवा.

यावर कोणी म्हणेल, दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे आधी क्षयरोग. बरोबर आहे. ती तपासणी व्हायलाच हवी; वजन घटत असेल किंवा घरात क्षयरुग्ण असेल तर विशेषच. दुसरी भीती अझिथ्रोमायसिन सरसकट वाटले जाण्याची. तीही रास्त आहे, कारण बरीच मुले औषधाविना बरी होतात आणि पूर्व आशियात या औषधाला न जुमानणारे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत. पण तारखा नोंदवल्याने औषधाचा वापर वाढत नाही, निवड नेमकी होते. आश्रमशाळेच्या आरोग्य नोंदवहीत खोकला कधीपासून आणि आधी कोणाला, एवढे दोन रकाने असावेत. धाप लागलेल्या मुलाला मात्र नोंदीसाठी न थांबवता लगेच कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे.