पंखाबारीच्या वाटेने अळंब्यांच्या गावी

सिलिगुडीहून दार्जिलिंगला निघालेल्या बहुतेक गाड्या रोहिणीचा रुंद रस्ता धरतात. ‘पंखाबारीवरून घ्या’ म्हटल्यावर जीपवाल्या दाजूंनी (नेपाळीत थोरला भाऊ) आधी आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. जुलैचा पाऊस, छातीवर येणारी चढण, आणि वळणावर समोरून गाडी आली की कोणीतरी मागे सरकायचं. पण एप्रिल १८४८मध्ये जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ पंखाबारीवरूनच वर गेला होता, आणि आम्हाला त्याने तिथे गोळा केलेल्या अळंब्यांचा पत्ता हुडकायचा होता.

त्या अळंब्या आज लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या बुरशीसंग्रहात आहेत. तिथे जगभरातले सुमारे साडेबारा लाख वाळवलेले नमुने पाकिटांत आणि खोक्यांत ठेवले आहेत. हूकरने पाठवलेल्या मालाला नावं दिली माइल्स बर्कली या पाद्र्याने. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या रोगामागे बुरशी आहे, हे १८४६मध्ये ठासून सांगणारा तोच हा गृहस्थ. चर्चचं काम सांभाळून तो इंग्लंडातल्या एका खेड्यात बसून हिमालयातल्या अळंब्या तपासत होता.

हे सोपं नव्हतं. अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वाळली की तिचा आकार आणि रंग दोन्ही जातात. हूकरच्या अळंब्यांतली एक, बर्कलीने १८५१मध्ये ‘बोलेटस इमोडेन्सिस’ म्हणून नोंदवलेली आणि आता ‘बोलेटेलस’ प्रजातीत बसवलेली. ताजी असताना तिच्या टोपीवर लालसर खवले असतात. टोपीखाली पट्ट्या नसतात, पिवळी छिद्रं असतात, आणि बोटाने दाबलं की ती निळी पडतात. पाकिटातल्या सुकट तुकड्यात यातलं काय दिसणार? हूकरने जागेवर केलेली टिपणं आणि चित्रं सोबत होती, म्हणून निभावलं.

पत्ता मात्र मोघम. त्या काळी ‘दार्जिलिंग’ एवढं लिहिलं की काम भागे; फार तर उंची फुटांत. त्या नावाखाली कितीतरी उतार आणि ओढे मावतात! हल्ली पुण्याच्या आघारकर संस्थेतला अजरेकर बुरशीसंग्रह असो की हावड्याचा केंद्रीय वनस्पतिसंग्रह, नमुन्यासोबत अक्षांश-रेखांश आणि शेजारचं झाड यांची नोंद अपेक्षित असते.

शेजारचं झाड का, ते घूमला कळलं. हे रेल्वे स्टेशन ७,४०७ फुटांवर. धुक्यातून एकाच मापाचे, सरळसोट काळपट बुंधे पुढे येत होते. ही धुपी. मूळची जपानची, इंग्रजांनी इथे लावली आणि डोंगरच्या डोंगर व्यापून गेली. हूकरच्या वेळी या उंचीवर ओक, मॅग्नोलिया आणि जंगली चेस्टनट होते. बोलेटस गटातल्या बहुतेक अळंब्या ओक-चेस्टनटसारख्या झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात. धुपीच्या मुळांशी त्यांचं जमत नाही. म्हणजे पत्ता बरोबर असला, तरी घरमालक बदललेला.

सेंचल अभयारण्याच्या बाजूला जुन्या ओकांचा एक पट्टा उरला आहे. तिथे पाय ठेवताच जळवांनी स्वागत केलं. शेवाळलेल्या बुंध्यावर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्यांची रांग होती, कुजक्या फांदीवर जेलीसारखे पिवळे गोळे होते. खवल्यांची लाल टोपी काही दिसली नाही. दिसली असती तरी परवान्याशिवाय इथली काडीही उचलता येत नाही, आणि ते बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी चौकबाजारात एक आमा (नेपाळीत आई) केळीच्या पानावर रानअळंबी मांडून बसल्या होत्या. नारिंगी, जाड, हाताच्या पंजाएवढ्या थरांची. ‘ही कुठून आणली?’ असं दाजूंकरवी विचारलं.

‘जंगलबाट,’ आमा म्हणाल्या, आणि लगेच पावशेराचा भाव सांगितला. कुठल्या जंगलातून, हे दाजूंनी पुन्हा विचारून पाहिलं. त्या नुसत्या हसल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.