'कीजे' आणि 'जाऊलालो'

सातवीला अभंग शिकवत होतो. त्यात 'कीजे' आलं. फळ्यावर लिहून सांगितलं, कीजे म्हणजे करावे, केले जाते. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) 'बोलिजे', 'जाणिजे' अशी रूपं जागोजागी सापडतात. ती आता गेली म्हणतो आपण, पण रोज बोलतो ते 'पाहिजे' आणि 'म्हणजे' त्याच 'इजे'चे वारस! मुलांना लई मजा वाटली.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, मग मी 'जाऊलालो' लिहिलो तर तुम्ही लाल गोल का करता?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. इकडं उदगीर-देगलूर भागात घरोघरी 'जाऊलालो', 'करूलालो'च चालतं. ते 'जाऊ लागलो'चंच आखडलेलं रूप. 'म्हणिजे'चं 'म्हणजे' झालं, तसंच की!

वर्गातल्या एका मुलीच्या घरी तेलुगू बोलतात. ती म्हणाली, "आजीच्या पोथीत 'वच्चेनु' असतंय, घरी आम्ही 'वच्चाडु' म्हणतो." दोन्हींचा अर्थ 'तो आला'. बोलीतलं तेलुगू शाळेत यावं म्हणून गिडुगु राममूर्ती आयुष्यभर झटले. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आज तेलुगू भाषा दिन आहे. हे त्या दिवशी मुलांना सांगितलं.

परीक्षेत 'जात आहे'च लिहावं लागतं, तेही सांगतोच. पण आता गोल करत नाही, शेजारी पेन्सिलीनं प्रमाण रूप लिहितो. त्या मुलाच्या वहीतले जुने गोल मात्र तसेच आहेत.