सोळापैकी चौदा

वंशवृक्ष म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे आंब्याचं झाड येतं. खाली एक बुंधा, वर फांद्या, आणि प्रत्येक फांदी शेजारणीला धक्का न लावता आपल्या वाटेनं गेलेली. आमचा वंशवृक्ष वडाचा आहे. त्याची एक फांदी पारंबी होऊन परत बुंध्याशीच रुजली आहे.

हिशेब सोपा. कोणाही माणसाला आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजोबा-पणज्या आठ आणि खापरपणजोबा-खापरपणज्या मिळून सोळा. निवृत्तीनंतर माणसं एक तर योगासनं करतात किंवा वंशावळ लिहितात. माझ्या गुडघ्यांनी योगासनांना नकार दिल्यामुळे मी वंशावळ हाती घेतली. सोळा चौकोन आखले. भरली तेव्हा माणसं चौदाच निघाली. दोघंजण प्रत्येकी दोन-दोन चौकोन अडवून बसले होते!

कारण घरात सर्वांनाच ठाऊक होतं. आजोबांनी मामाची मुलगी केली होती. आजोबांची आई हीच आजीची सख्खी आत्या, आणि तीच सासू. पूर्वजांतसुद्धा दोघांची बचत करणाऱ्या घराण्याला भंडारा जिल्ह्यात उगीच काटकसरी म्हणत नसत.

हा तक्ता मी आमच्या जबलपूरच्या व्याह्यांना कौतुकानं दाखवला. त्यांचा चेहरा पडला. "यानी भाई-बहन की शादी?" मी म्हटलं, अहो, अर्जुनाची आई कुंती आणि सुभद्रेचे वडील वसुदेव हे बहीणभाऊ. सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाचीच मुलगी. व्याही म्हणाले, "वो बात अलग है." मोठ्या माणसांची बात नेहमीच अलग असते.

पण व्याह्यांना तरी काय म्हणायचं? बौधायनानं आपल्या धर्मसूत्रात हाच घोळ फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. दक्षिणेत मामाची किंवा आत्याची मुलगी करतात, तो तिथला आचार; तोच उत्तरेत केला तर दोष. म्हणजे पाप लागायचं की नाही, हे आपण कुठल्या स्टेशनावर उतरतो त्यावर. तुमसरच्या पुढे गेलं की मध्य प्रदेश लागतो. आम्ही भंडारेकर बरोबर उंबरठ्यावर. इरावती कर्व्यांनी महाराष्ट्राचं हेच सांगितलं आहे. बऱ्याच मराठी जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी चालत नाही. अर्धं अंग उत्तरेला, अर्धं दक्षिणेला. आमच्याच जिल्ह्यातल्या गोंडांत मात्र भावाबहिणीच्या मुलांच्या लग्नाला 'दूध लौटावा' असं गोड नाव आहे. एका घरानं दिलेलं दूध त्या घरी परत आलं, एवढंच. त्यात कसला दोष?

शास्त्र्यांना मात्र दुधापेक्षा पिंडाची काळजी. सपिंड नात्यात लग्न नको, इथवर एकमत. पण पिंड म्हणजे काय? मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणाला, पिंड म्हणजे शरीर. एका शरीराचे अंश ज्यांच्यात आले ते सपिंड. बंगालचा जीमूतवाहन म्हणाला, पिंड म्हणजे श्राद्धात ठेवतात तो. आमचा जिल्हा धानाचा. इथे पिंड म्हणजे भात, हे सांगायला शास्त्री लागत नाही. असो. जुना नियम वडिलांकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्या टाळण्याचा. गंमत अशी की तिकडे युरोपातल्या चर्चनंही सातच पायऱ्या वर्ज्य केल्या होत्या. इतकं टाळल्यावर गावात नवरीच उरेना, म्हणून १२१५ साली त्या चारवर आणल्या.

आपल्याकडे ही काटछाट व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९४६ च्या कायद्यानं सगोत्र विवाहाची आडकाठी काढली. मग हिंदू कोड बिल आलं. ते रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. पुढे १९५४ साली ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते आमच्या भंडाऱ्यातून, आणि आम्ही त्यांना पाडलं! त्याच बिलातला एक तुकडा १९५५ साली हिंदू विवाह कायदा होऊन आमच्या घरी आलाच. मतं दिली नाहीत म्हणून कायदा लागू व्हायचा थोडाच राहतो?

या कायद्यानं सातच्या पाच आणि पाचाच्या तीन पिढ्या केल्या. मोजताना पहिली पिढी आपण स्वतः. रेशनच्या रांगेत असतो तसा आपलाच नंबर आधी. या हिशेबानं मामेभाऊ-आतेबहीण सरळ सपिंडांत सापडतात आणि त्यांचं लग्न रद्दबातल ठरतं. वर एक महिन्यापर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे. दोघांच्याही रूढीत असं लग्न चालत असेल तर हरकत नाही. मात्र ती रूढी जुनी, अखंड, निश्चित आणि वाजवी असल्याचं दाखवता आलं पाहिजे. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयातही हे सपिंडाचं कलम टिकलं. गोंडांना हा कायदा मुळात लागूच नाही. अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या आहेत. त्यांचं दूध सुखरूप आहे.

आजीला विचारलं होतं एकदा, की तुला विचारून लग्न केलं का गं? ती हसली. "इचारते कोन बाप्पा? बाबा म्हने, आत्याच्या घरी पोरगी उपाशी नाई राहाची." तेवढं खरं ठरलं. उपाशी ती राहिली नाही.

पण तिचा दुसरा मुलगा, माझे काका, जन्मापासून बहिरे. काकांनी पुढे पितळी भांड्यांच्या ठोक्याच्या कामात उत्तम नाव काढलं. बाकीच्यांचे कान किटायचे, ते शांतपणे घागरीला गोलाई द्यायचे. पण घरच्या जुन्या वहीत त्यांच्या नावापुढे एक शेरा आहे : 'ग्रहणाचा दोष'. आजीनं पोटुशी असताना ग्रहणात विळीला हात लावला, असं सासूनं ठरवलं. सख्ख्या आत्यानं! पुढे पन्नास वर्षं, ग्रहण लागलं की आजी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायची. पोटुशी नसतानासुद्धा.

आज डॉक्टर सांगतात, एखादा सुप्त दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आला तरच वर येतो. आणि सख्ख्या मामे-आते भावंडांत तो जुळण्याचा संभव जास्त. शंभर मुलांमागे एरवी दोन-तीनांत जन्मजात दोष निघत असेल, तर अशा लग्नांत चार ते सहांत. म्हणजे नव्वदाहून जास्त मुलं ठणठणीत. चार्ल्स डार्विननं १८३९ साली मामाचीच मुलगी केली, आणि पुढे मुलांच्या दुखण्यांनी धास्तावून, १८७१ च्या शिरगणतीत अशा लग्नांची चौकशी व्हावी म्हणून खटपट केली. पार्लमेंटनं ती नाकारली.

काकांचं बहिरेपण त्या दुहेरी चौकोनांतून आलं की आणखी कुठून, हे आता तपासायला काका नाहीत. पण समजा तिथूनच आलं असेल, तर आजोबांकडे ते कुणाकडून आलं? त्यांच्या आईकडून. म्हणजे शेरा मारणाऱ्या आत्याकडूनच. आजी हे ऐकायला असती तर "जाऊ दे बाप्पा, मेल्यावर काहून बोलाचं?" एवढंच म्हणाली असती.

नवी वंशावळ आता पूर्ण आहे. चौदा माणसं, सोळा चौकोन. काकांच्या नावापुढे मी 'उत्तम कारागीर' असं लिहिलं आहे. ग्रहणाला त्या कागदावर कुठेच जागा ठेवलेली नाही. कितीही पिढ्या मोजा, ते आमच्या सपिंडांत बसत नाही.