संगणकाची धाप

वऱ्हाडच्या उन्हाळ्याचें वर्णन वऱ्हाडकरांस ऐकविण्याचें कारण नाहीं. अमरावतीजवळ, मुंबई-नागपूर महामार्गावर वसलेल्या आमच्या नांदगांव पेठेंत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास खेळूं लागला, कीं माणसें दारें ओढून घेऊन निजतात आणि गुरें सावली धरतात. ज्याला निजतां येत नाहीं व सावलीही पुरत नाहीं, असा एक प्राणी हल्लीं आमच्या कुटुंबांत वाढला आहे. तो म्हणजे माझ्या पुतण्याचा संगणक.

पुतण्या इमारतींचीं चित्रें संगणकावर सिद्ध करून देतो. भिंतीवर ऊन कसें पडेल, कांचेंत झाड कसें दिसेल, याचा हिशेब तें यंत्र रात्ररात्र करीत असतें, आणि त्या वेळीं त्याचे पंखे पिठाच्या गिरणीप्रमाणें घोंघावतात. भिंतीपलीकडे तीर्थरूपांची खोली. वय ८६, झोप पाखराची. सलग दोन रात्रीं त्यांचा डोळा लागला नाहीं, तेव्हां घरांत बोलणें निघालें, कीं मुलानें अमरावतीस खोली घ्यावी. यंत्र जाईल हें ठीक. पण त्यामागोमाग मुलगाही जाणार, आणि रात्रीं आजोबांना उठवून बसविणारा हात त्याचाच. म्हणून हा प्रश्न नुसत्या आवाजाचा राहिला नाहीं.

मूळ कारण पाहूं गेल्यास अगदीं साधें आहे. संगणक जितकी वीज खातो, तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो. पांचशें वॅट खाणारें यंत्र म्हणजे हजार वॅटची शेगडी अर्ध्या आंचेवर खोलींत पेटती ठेवण्यासारखेंच. पंखा थंडावा उत्पन्न करीत नाहीं. तापलेली हवा हलविणें एवढेंच त्याचें काम. खोलींत ४० अंश असतील, तर पंखा कितीही गरगरला तरी आंतील भाग त्याखालीं येणें शक्य नाहीं. आमच्या गांवच्या औष्णिक वीज केंद्राची कथाही हीच. तेथें २७० मेगावॅटचे पांच संच, म्हणजे एकूण १३५० मेगावॅटची शक्ति. आणि त्यांची उष्णता वाहून नेण्यास ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी लागतें. वीज निर्माण करणारा काय आणि वीज खाणारा काय, दोघांनाही तापलेलें अंग निववावेंच लागतें.

मुर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा येथें जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढें २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत ‘परम ब्रह्म’ बसविला, त्यांत तर तापणाऱ्या भागांना थेट द्रवानें निवविण्याची योजना केली. थोरांना जी चिंता चुकली नाहीं, ती आमच्या पेटीला कशी चुकावी!

पंख्याच्या आवाजाचा एक नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. फेरे दुप्पट केले, तर वारा दुप्पटच मिळतो. आवाज मात्र सुमारें १५ डेसिबलनें चढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. तेव्हां लहान पंखा पिसाट फिरविण्यापेक्षां मोठा पंखा संथ फिरविणें शहाणपणाचें. पुतण्यानें लहान पंखे काढून १४० मिलिमीटरचे तीन बसविले. दोन समोरून हवा आंत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. जाळ्यांवर महामार्गाची धूळ व कापसाचे तंतू यांचें पांघरूणच बसलें होतें. त्या आतां दर रविवारीं धुतल्या जातात. प्रोसेसरवरील वाळलेला लेप पुसून नवा लावला. शेवटीं यंत्राच्या वीज खाण्यावरच मर्यादा घातली. वीजदाब थोडा उतरविला, कीं उष्णता साधारणपणें त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरते; काम मात्र त्या मानानें थोडेंच मंदावतें. रात्रभराच्या कामास आतां तासभर अधिक लागतो, तो पुतण्यानें आनंदानें सोसला.

कुलरविषयीं वाचकांस सांगणें एवढेंच, कीं त्याचा झोत यंत्रावर सोडूं नये; पाण्याचे तुषार आंत गेल्यास घात होतो. कुलर एका खिडकींत आणि समोरची खिडकी उघडी, अशी सोय हवी. नाहींतर दमट हवा खोलींतच कोंडते. आम्हीं मेजही भिंतीपासून हातभर पुढें ओढलें, पेटीखालीं रबराचे तुकडे दिले, आणि भिंतीचें गुणगुणणें थांबलें.

वेगळ्या खोलीचा विषय मग कोणीं काढला नाहीं. तीर्थरूपांना झोप लागूं लागली, परंतु चार दिवसांनीं ते नातवास म्हणाले, “अरे, आवाज होता तेव्हां तूं जागा आहेस हें कळे. आतां मधलें दार उघडें ठेवीत जा.” दार उघडें राहिल्यानें माजघराची गार हवा यंत्राला मिळते, असें पुतण्या सांगतो, आणि रात्रीं आजोबांनीं हांक मारली, तर ती पंख्यांच्या आवाजांतूनही त्याला ऐकूं जाते.