जून कळी

टोमॅटोच्या कळीचं वय बोटांना कळावं लागतं. मिटलेली, हिरवट-पिवळ्या रंगावर आलेली, उद्या सकाळी उमलेल अशी कळी आज दुपारनंतर चिमट्याने उघडायची आणि आतली परागकोशांची नळी अख्खी काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचा पराग लावायचा आणि फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कातरायच्या. तोडणीला आलं की ही खूण असलेलं फळ तेवढं बियाण्याचं. संकरित बियाणं असं एकेका फुलाने तयार होतं. आम्ही याला क्रॉसिंग म्हणतो.

कळी एका दिवसाने जून निघाली तर आत पराग आधीच सांडलेला असतो. तिच्या खालच्या पाकळ्या कातरल्या तरी फळ स्वतःच्याच परागावर धरतं, आणि दिसायला मात्र शेजारच्या फळासारखंच असतं. शेतकऱ्याला ते ओळखू येत नाही, मलाही नाही. काही महिन्यांनी बियाणं घेणारी कंपनी त्या लॉटचा नमुना पेरते, झाडं वाढवून पाहते, तेव्हा वेगळी झाडं उभी राहतात. ठरल्यापेक्षा जास्त निघाली की लॉट नाकारला जातो. शेतकऱ्याचा हिशोब या रिझल्टवरच होतो, म्हणजे त्याचा अख्खा हंगाम गेला. जून कळीची खबर त्या दुपारी एकीलाच असते. जिच्या चिमट्याच्या टोकाला पिवळी भुकटी लागली, तिला.

ती तेव्हाच बोलली, तर कळी तोडून टाकता येते. सुपरवायझर म्हणून माझं खरं काम तिला बोलता यावं, एवढंच आहे. बाकीचं काम वहीतलं.

मी जालन्यातल्या मस्तगडात राहते. काबिलखानाने १७२५ मध्ये निजाम आसफजाहाच्या हुकुमावरून बांधलेल्या गढीचे बुरूज अजून दिसतात. तिथून सकाळी निघायचं ते देऊळगावराजाच्या बाजूच्या शेडनेटांकडे. या भागात बियाण्याचं काम आता घरोघरी माहीत आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव इथे सगळे आदराने घेतात, मीही घेते. पण या धंद्याचा इतिहास लिहिताना चिमटा धरणाऱ्या बायांचं एखादं प्रकरण असावं, असं मला फार वाटतं.

घाई वरून खाली उतरते. कंपनीची शेतकऱ्यावर, शेतकऱ्याची माझ्यावर, आणि मी अडवली नाही तर माझी बायांवर. ती माझ्यापाशी थांबवणं हाच माझ्या हुद्द्याचा अर्थ, असं मी मानते. म्हणून शेतकऱ्याने बांधावरून आवाज चढवला की मी उठून त्याच्याकडे जाते आणि बोलणं बाजूला नेते. ओळीत वाकलेल्या बाईच्या डोक्यावर उभं राहून मी कधी काही विचारत नाही. तिच्याशेजारी बसते, माझा चिमटा काढते, दोन-चार कळ्या स्वतः करते. तेवढ्यात ती आपणहून म्हणते, “ताई, हिच्यात भुकटी दिसली, तोडू का?” मी म्हणते, “तोडा मावशी.” पुढे एक शब्द नाही. कुणाची ओळ, किती वेळा, हे तिथे विचारलं की दुसऱ्या दिवशी चिमट्याला भुकटी कुणालाच दिसत नाही.

मजुरी फुलांच्या मोजणीवर द्यावी, असं काही शेतकऱ्यांचं म्हणणं असतं. मी रोजावर अडून बसते. मोजणी लागली की तोडलेली कळी म्हणजे बुडालेला पैसा, आणि पोरांची फी भरायची असलेल्या बाईकडून आपण तो सोडायची अपेक्षा करतो. हे अन्यायाचं आहे, आणि बियाण्यालाही घातक आहे.

शेडनेटमध्ये दुपारी हवा कोंडते. माठ ओळीच्या तोंडाशी हवा, लांब विहिरीवर नको. आडोसा, खरं तर संडासच, हवा. नाहीतर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चारनंतर त्यांचे डोळे, हात दोन्ही थकतात. तान्हं मूल असलेलीला झोळीजवळची ओळ द्यायची. या गोष्टी कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत, पण मला शुद्धतेचं काम इथूनच सुरू होताना दिसतं.

सुट्टीचा प्रश्न मात्र अवघड. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. गिरणी बंद ठेवता येते. कळी रविवारीही उमलते, आणि न काढलेली कळी सोमवारी जून होते. म्हणून मी सुट्टी पाळीने देते, पगारी. हंगामाच्या ऐन भरात एक हात कमी पडतो, शेतकरी कुरकुरतो. त्याला मी सरळ सांगते, की थकलेली बाई दिवसभरात जेवढ्या जून कळ्या सोडेल, त्यांची किंमत एका रोजापेक्षा जास्त आहे.

यंदा लावणीआधीच्या बैठकीला मी तीन जुन्या मावशींना बरोबर नेलं. शेतकऱ्यासमोर खुर्चीवर बसून त्यांनी आपल्या अटी स्वतः सांगितल्या: रोजाचे पैसे आठवड्याला हातात, संडास लावणीच्या आधी, आणि तोडलेल्या कळीबद्दल कुणी बोलायचं नाही. पहिल्या दोन त्याने मान्य केल्या. तिसरीवर अजून आमचं बोलणं चालू आहे.