आधी चाक, मग नाक

गेल्या महिन्यापासून मला जगात सपाट असं काही दिसेनासंच झालंय! सुपरमार्केटचा पार्किंग लॉट, ऑफिससमोरचा रस्ता, आमचा स्वतःचा ड्राइव्हवे, सगळं कुठे ना कुठे कललेलं आहे आणि इतकी वर्षं माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. आम्ही एक जुना, १७ फुटी कॅम्पर ट्रेलर घेतला आणि उतारावरच्या जागेत तो समतल कसा उभा करायचा हे मी शिकले. शिकले कसली, झपाटलेच. भेटेल त्याला सांगत सुटलेय, तेव्हा आता तुम्हीही ऐकाच.

ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायची खोली. आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, फ्रिज, एवढंसं न्हाणीघर. दोन चाकांवर सगळा संसार, आणि पुढे निमुळता लोखंडी सांगाडा, ज्याला आम्ही घरात ‘नाक’ म्हणतो. हे नाक ट्रकच्या मागच्या गोळ्यावर बसतं. मुक्कामी पोचलं की नाक सोडवायचं, ट्रक मोकळा करायचा आणि खोली तिथेच उभी ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पण खोली उभी करायची ती जमीन काही बिल्डरने लेव्हल करून दिलेली नसते!

आम्ही गेलो ते कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या पूर्वेला. ३९५ नंबरच्या हायवेवर लोन पाइन नावाचं लहानसं गाव आहे. तिथून डोंगराकडे वळलं की साधारण ५,१०० फुटांवर टटल क्रीकचं कॅम्पग्राउंड लागतं. झाड जवळपास नाहीच, वीज नाही, नळजोडणी नाही, आणि समोर डोंगरांची अशी भिंत की मान दुखेपर्यंत वर बघावं. लोन पाइन पीक जवळ असल्याने तेच सगळ्यात उंच वाटतं. खरं माउंट व्हिटनी त्याच्या उजवीकडे, जरा मागे उभं असतं, १४,५०५ फुटांचं. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर याहून उंच काही नाही. आणि या कॅम्पग्राउंडची जमीन? हजारो वर्षं ओढ्यांनी डोंगरातून वाळू, गोटे, धोंडे वाहून आणले आणि दरीच्या तोंडाशी पंख्यासारखे पसरून ठेवले, त्या पंख्यावर ते वसलंय. म्हणजे सगळी जमीन डोंगराकडून खाली ओवेन्स खोऱ्याकडे उतरती. तुम्ही कुठेही उभे राहा, उतार आहेच.

माझे सासरे कोल्हापूरहून आलेले होते. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून सगळी नोकरी झालेली. जाताना हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही वीतभर लांबीची एक पाणसळ घेतली. मी ती दाराच्या उंबऱ्यावर ठेवायला निघाले तर बाबांनी थांबवलं.

“अगं, पाणसळ खरी आहे का ते आधी बघ.”

“नवीकोरी आहे हो बाबा, आत्ता तर घेतली.”

“नवी म्हणजे खरी असं कुणी सांगितलं? बुडबुडा कुठे आहे ते बघून ठेव. आता त्याच जागेवर टोकं उलटी करून ठेव.”

ठेवली. बुडबुडा पहिल्यांदा डावीकडच्या रेघेला जेमतेम शिवत होता. टोकं उलटी केल्यावरही तो डावीकडच्याच रेघेला, तेवढाच शिवत राहिला. म्हणजे उंबरा तिरका आहे, पाणसळ खरी आहे! पाणसळ खोटी असती तर दोन्ही वेळा बुडबुडा वेगवेगळ्या ठिकाणी दिसला असता. किती साधी, किती पक्की परीक्षा! मग बाबांनी ती फ्रीजरच्या तळावर ठेवली, आधी आडवी, मग उभी. “ज्या वस्तूला समतल लागतं तिथेच मोजायचं,” म्हणाले. ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला आणि बाजूला चिकटवायच्या छोट्या बुडबुड्याच्या नळ्या मिळतात, त्याही आम्ही फ्रीजर समतल असतानाच चिकटवल्या. आता आत न जाता बाहेरूनच कळतं.

आणि आता फ्रिज! मला वाटलं होतं, समतल करायचं ते झोपण्यासाठी. डोकं खाली, पाय वर असं झोपलं तर रात्रभर तळमळ होणारच. दारं आपोआप उघडतात, न्हाणीतलं पाणी मोरीकडे न जाता कोपऱ्यात साचतं, हेही खरंच. पण खरा मामला फ्रिजचा आहे. आमच्यासारख्या जुन्या ट्रेलरमधला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. हो, आगीवर थंडावा! १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले. ज्योतीने बॉयलरमधलं अमोनियाचं पाणी तापतं, अमोनियाची वाफ वर जाते, मागच्या नळ्यांत थंड होऊन तिचा द्रव होतो, तो उताराने खाली येतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जातो आणि उडताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला परत शोषतं आणि फेरा पुन्हा सुरू. यात मोटर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. सगळं खाली वाहतं ते केवळ गुरुत्वाकर्षणाने!

म्हणूनच ट्रेलर कलला की नळ्यांचे उतार बिघडतात. द्रव भलत्याच वळणावर अडकून बसतो, बॉयलरकडे परतत नाही, ज्योत मात्र चालूच. बॉयलर फाजील तापतो, आतून गंज चढू नये म्हणून मिसळलेला क्षार नळीत साचून बसतो, आणि एकदा नळी चोंदली की ती पुन्हा मोकळी होत नाही. अशा फ्रिजच्या पुस्तिकांत साधारणपणे डाव्या-उजव्या बाजूला ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढीच मोकळीक दिलेली असते. (तुमच्या फ्रिजची मर्यादा त्याच्या पुस्तिकेतच बघा. नव्या ट्रेलरमधल्या बॅटरीवरच्या कॉम्प्रेसर फ्रिजला इतकं सोवळं नसतं.) रस्त्याने जाताना गाडी हिंदकळत असते, द्रव हलता राहतो, तेव्हा उताराचं काही वाटत नाही. उभं राहिल्यावरच सगळा प्रश्न.

३ अंश म्हणजे किती? मी कागदावर मांडून पाहिलं. आमच्या दोन चाकांमध्ये ६ फुटांचं अंतर आहे, तेव्हा एका अंशाला साधारण सव्वा इंच. म्हणजे तीन अंशांना पावणेचार इंच. एवढंच! हाताच्या पंजाएवढ्या उंचीत फ्रिजचं सगळं आयुष्य आहे, हे कळल्यावर मला चाकाखाली घालायचे ठोकळे आणि पाचरी म्हणजे दागिने वाटायला लागले.

आता क्रम. या सगळ्या विद्येचा प्राण त्याच्या क्रमात आहे. आधी डावी-उजवी बाजू, तीही ट्रक जोडलेला असतानाच. का? कारण ट्रेलरला पुढे एकच जॅक असतो आणि तो फक्त नाक वर-खाली करतो. डावी बाजू खाली असेल तर ती उचलायला डावं चाकच कशावर तरी चढवावं लागतं, आणि चाक चढवायचं तर ट्रकने ओढावं किंवा ढकलावं लागतं. एकदा का ट्रक सोडला की तो मार्गच बंद. म्हणून आधी चाक, मग नाक!

चाक चढवायला दोन प्रकार. एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, एकेक थर म्हणजे सुमारे एक इंच, पायऱ्यांसारखे रचायचे. किंवा एका बाजूने निमुळता होत गेलेला बाकदार लेव्हलर. मला हा दुसरा इतका आवडलाय की विचारू नका. तो खालच्या बाजूच्या चाकाला टेकवून ठेवायचा, ट्रक मुंगीच्या पावलाने हलवायचा, चाक त्या बाकावर चढत जातं आणि समोरच्या नळीत बुडबुडा सरकत, सरकत मधोमध येतो. “बास!” मग बाकाच्या जाड टोकाखाली त्याची पाचर सारायची, की चाक जागच्या जागी. उंची आधी मोजायची गरजच नाही, चाक चढताना बुडबुडाच सांगतो.

मी कुठे उभी राहते तेही सांगते, कारण सुरक्षेचं निम्मं काम तिथे होतं. ट्रकच्या चालकाच्या बाजूला, त्याच्या आरशात दिसेन अशी. आमच्या घरचा नियम असा की मी आरशात दिसले नाही तर नवरा तिथल्या तिथे ब्रेक दाबतो, कारण विचारत नाही. ट्रेलरच्या मागे किंवा मध्ये कुणी नाही, आत कुणी नाही, लेक बाबांचा हात धरून लांबच्या धोंड्यावर. चाक हलत असताना ठोकळ्याजवळ बोट नाही म्हणजे नाही. आणि टायरची सगळी रुंदी ठोकळ्यावर बसलीय ना, हे वाकून बघायचं. अर्धा टायर अधांतरी राहिला तर आतल्या पोलादी पट्ट्यांवर भलता ताण येतो. ज्यांच्या ट्रेलरला एका बाजूला दोन चाकं असतात त्यांनी दोन्ही चाकांखाली ठोकळे घ्यावेत, नाहीतर सगळा भार एकाच टायरवर जातो.

यानंतर उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून लावायची पाचर. इथे मला खरा धक्का बसला, कारण अमेरिकेतल्या या ट्रेलरना हँडब्रेक नसतोच! युरोपातल्या कॅराव्हॅनला असतो. इथे ट्रकचा ब्रेक आहे तोवर सगळं जागेवर, ट्रक सुटला की ट्रेलरला धरून ठेवणारं काही नाही. म्हणून ट्रक सोडायच्या आधी, जमिनीवर असलेल्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी ठोकून घट्ट करायची. रबराची जड उटी वाळूत प्लास्टिकच्या हलक्या उटीपेक्षा चांगली धरते, असं माझं ठाम मत झालंय. मग जॅक फिरवून नाक गोळ्यावरून अलगद वर घ्यायचं, पण सुरक्षेच्या साखळ्या तशाच अडकवलेल्या ठेवायच्या. ट्रेलर क्षणभर श्वास घेतल्यासारखा हलतो आणि उटीवर टेकतो. तो खरोखर टेकला, सरकत नाही, हे बघूनच साखळ्या काढायच्या.

ट्रक पुढे गेला की पुढची-मागची पातळी. जॅकच्या पायाखाली लाकडाची जाड फळी हवीच, कारण तिथली ग्रॅनाइटची वाळू भरभरीत असते, पाय रुततो. नाक खूप वर न्यायचं असेल तर जॅक टोकापर्यंत लांबवू नये, खाली ओंडके रचून उंची वाढवावी. लांबवलेला जॅक उभा भार पेलतो, आडव्या धक्क्याला मात्र कच्चा. आणि नाक गोळ्यावरून सुटलं तेव्हा जॅकची उंची किती होती, तिथे खडूची एक रेघ मारून ठेवा. निघताना ट्रक पुन्हा जोडायला तीच उंची लागते!

दोन चाकं आणि एक जॅक, ट्रेलर आता तिपाईसारखा उभा असतो, आणि तिपाई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही. मग कोपऱ्यांतले चार कात्रीजॅक कशाला? आत चालताना मागचं टोक हिंदोळू नये, एवढ्यासाठीच. ते जमिनीला घट्ट टेकले की थांबायचं. त्यांनी ट्रेलर उचलायचा नसतो. उचलला तर खालचा सांगाडा पिळतो आणि दार चौकटीत बसेनासं होतं. बाबांनी प्रत्येकाला हाताने हलवून पाहिलं आणि म्हणाले, “टेकू आहे हा, खांब नव्हे.” माझ्या मते याहून नेमकं कुणी सांगू शकणार नाही. ओवेन्स खोऱ्यात दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा या टेकूंची किंमत कळते.

तुम्ही विचाराल, सपाट जागा का नाही शोधत? ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडवर तेवढी मोकळीक नसते, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या वनखात्यात ई. पी. माइनेके नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. लोक गाड्या घेऊन झाडांखाली कुठेही घुसत, माती दाबून घट्ट होई, मुळांना हवा-पाणी मिळेना, झाडं खंगत. माइनेकेंनी १९३२ साली कॅम्पग्राउंड कसं असावं याचा आराखडाच मांडला. एकदिशा रस्ता, त्यातून तिरपे फुटलेले गाडीचे थांबे, कडेला धोंडे किंवा ओंडके, म्हणजे गाडी ठरल्या जागेबाहेर जाणारच नाही. १९३३ नंतर बेकारांना काम देणाऱ्या सरकारी मोहिमेतल्या तरुणांनी देशभर अशी कॅम्पग्राउंडं बांधली. आजही तोच साचा सगळीकडे दिसतो. मिळालेला थांबा उतरता असला तर झाडाच्या मुळांपासून दूर राहून त्यावरच जमवायचं. मला हा सौदा शंभर टक्के मंजूर आहे!

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी बुडबुडे पुन्हा बघा, रात्रीत एखादा पाय वाळूत दबतो. पावसाचं चिन्ह असेल तर दाराबाहेर ताणलेली कनात एका बाजूने जरा खाली करा, नाहीतर पाणी साचून ती फाटते. निघताना सगळं बरोबर उलट्या क्रमाने. आधी कोपऱ्यांचे टेकू वर, मग नाक खडूच्या रेघेपर्यंत, ट्रक जोडायचा, गोळ्याला पकडणाऱ्या कपलरला खीळ घालायची, साखळ्या, दिव्यांची वायर, आणि हे सगळं हाताने ओढून तपासल्यावरच उटी काढायची. उटी शेवटी! त्यानंतर ट्रक मुंगीच्या पावलाने हलतो, चाक बाकावरून खाली उतरतं. लेक धावत जाऊन लेव्हलर उचलून आणते, त्याची वाळू झटकते, आणि आम्ही तो पिशवीत सगळ्यात वर ठेवतो, कारण पुढच्या मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा तोच लागणार असतो.